पाडण्याआधीची कामं: वस्तीतली कच्ची घरं जागच्या जागी पक्की करताना

वस्तीतल्या कुटुंबांना हक्काचं पक्कं घर मिळावं म्हणून ट्रस्ट, मंडळ किंवा महिला संघ काढून कामाला लागणाऱ्या नव्या कार्यकर्त्यांसाठी हा लेख आहे. महाराष्ट्रातल्या मध्यम आणि मोठ्या शहरांतली, सरकारी किंवा पालिकेच्या जागेवरची, शे-दोनशे घरांची बैठी वस्ती इथं डोळ्यांसमोर ठेवली आहे. मुंबईत बिल्डरमार्फत होणारं झोपडपट्टी पुनर्वसन हा वेगळा विषय आहे, तो इथं घेतलेला नाही.

घर जागच्या जागी का बांधायचं, हे आधी स्वतःला पटलेलं असावं. धुणीभांडी करणारी बाई ज्या सोसायट्यांमध्ये जाते त्या चालत जाण्याच्या अंतरावर असतात. रिक्षा, हातगाडी, मुलांची शाळा, दवाखाना, उधारी देणारा किराणावाला, सगळं त्याच परिसरात असतं. शहराबाहेरच्या सातव्या मजल्यावर फुकट घर मिळालं तरी महिन्याचा प्रवासखर्च आणि बुडालेली कामं धरली तर ते महागच पडतं. पुण्यात येरवड्यात जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहर-सुधारणा अभियानातल्या बीएसयूपी या शहरी गरिबांसाठीच्या योजनेखाली हेच तत्त्व वापरलं गेलं. कच्ची घरं तेवढी पाडली आणि पक्क्या घरांना हात लावला नाही. नवीन घर सुमारे २७० चौरस फुटांचं, त्याचा खर्च ३ लाख रुपये धरलेला आणि त्यातला १० टक्के वाटा कुटुंबाचा. महिला मिलन या वस्तीतल्या बायकांच्या बचतगटांच्या संघटनेतल्या बायका घरोघरी जाऊन नकाशे समजावत होत्या. नव्या संस्थेनं अभ्यासासाठी निवडावा असा हा प्रकल्प आहे. तिथल्या गल्ल्यांमधून एकदा फिरून या आणि जिने कुठं काढलेत ते बघा.

संस्था: नोंदणी सोपी, शिस्त अवघड

निदान सात सभासद लागतात. धर्मादाय कार्यालयात १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, अशा दोन्ही नोंदण्या होतात. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. तो राहून जातो आणि चार वर्षांनी देणगीदारानं विश्वस्तांची नावं असलेलं अद्ययावत परिशिष्ट मागितलं की निम्मे विश्वस्त कागदावर जुनेच निघतात. पॅन, बँक खातं, आयकर विभागाकडची 12ए (संस्थेला करसवलत) आणि 80जी (देणगीदाराला करसवलत) म्हणून ओळखली जाणारी नोंदणी, दरवर्षीचं ऑडिट हे पहिल्या वर्षीच मार्गी लावा. कार्यकारी मंडळात वस्तीतल्या बायका किमान एक तृतीयांश असाव्यात, आणि त्या फक्त सहीपुरत्या नसाव्यात.

दोन गोष्टी अजिबात करू नका. कुटुंबांची बचत संस्थेच्या खात्यात घेऊ नका. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा २०१९ चा कायदा आहे आणि हेतू चांगला होता हा त्यावर बचाव होत नाही. बचत ज्याच्या त्याच्या खात्यात किंवा बचतगटाच्या खात्यात राहू द्या. दुसरं म्हणजे संस्था स्वतः ठेकेदार होऊ नये. बांधकामाचा करार कुटुंब आणि गवंडी-ठेकेदार यांच्यात व्हावा. संस्थेनं आराखडा, मोजमाप, दर्जा आणि कागद सांभाळावेत. हे उलटं झालं की पहिली भेग पडल्या दिवशी वस्ती तुमच्या विरोधात उभी राहते आणि काम तिथंच संपतं.

जमीन कुणाची, हे आधी शोधा

हे काम झाल्याशिवाय वस्तीत घराचा शब्दही काढू नका. सिटी सर्व्हे झालेल्या भागात मिळकत पत्रिका आणि बाकी ठिकाणी सातबारा काढा. भूमी अभिलेख कार्यालयातून मोजणी नकाशा घ्या, कारण एकच वस्ती तीन वेगळ्या सर्व्हे नंबरांवर पसरलेली असणं अगदी नेहमीचं आहे. पुढची रांग पालिकेची, मधली महसूलची आणि मागची खासगी मालकाची, असं निघालं तर एकाच गल्लीतल्या शेजाऱ्यांचे तीन वेगळे मार्ग होतात. ते पहिल्याच बैठकीत सांगितलेलं बरं. रेल्वे, संरक्षण किंवा वनखात्याची जमीन असेल तर राज्य सरकार पट्टा, म्हणजे जागेच्या हक्काचा कागद, देऊ शकत नाही. तिथं घराची आशा न दाखवता पाणी आणि शौचालयाचं काम घ्या.

पालिकेच्या नगररचना विभागातून झोन दाखला घ्या. विकास आराखड्यात त्या जागेवर रस्ता, बाग किंवा शाळेचं आरक्षण असेल तर आरक्षण बदलल्याशिवाय बांधकाम परवानगी मिळत नाही, आणि तो बदल वर्षांच्या हिशेबात चालतो. नदीकाठी असाल तर जलसंपदा विभागाच्या पूररेषा बघा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आतली वस्ती जागेवर पक्की करायचा आग्रह धरू नका. सांगली-कोल्हापूरनं २०१९ मध्ये काय पाहिलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. निळ्या रेषेआतल्या कुटुंबांसाठी जवळपासचीच दुसरी जागा मागणं हेच प्रामाणिक काम आहे.

वस्ती १९७१ च्या झोपडपट्टी कायद्याखाली घोषित आहे की नाही, हे राजपत्रातल्या अधिसूचनेवरून कळतं. घोषित असेल तर अधिसूचनेची प्रत फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा. सरकारी जमिनीवरची १ जानेवारी २०११ पूर्वीची निवासी अतिक्रमणं ‘सर्वांसाठी घरे’, म्हणजे पंतप्रधान आवास, योजनेसाठी नियमानुकूल करण्याचा निर्णय राज्यानं २०१८ मध्ये घेतला. पट्ट्याचा अर्ज त्याच आधारे करायचा. पट्टा मिळाला की तो दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्या आणि मिळकत पत्रिकेवर नाव चढेपर्यंत पाठपुरावा करा. नाव न चढलेला पट्टा बँक तारण म्हणून धरत नाही.

आणखी एक गोष्ट वस्तीत पुन्हा पुन्हा सांगावी लागते. पाचशे रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरी करून घेतलेलं घर म्हणजे मालकी नव्हे. त्या कागदानं ताबा कधीपासून आहे एवढं दाखवायला मदत होते, बस्स.

मोजणी आणि कागद

प्रत्येक दारावर क्रमांक टाका. गल्लीचं अक्षर आणि घराचा अंक पुरे, म्हणजे ‘क १४’. माळ्यावर वेगळं कुटुंब राहत असेल तर ‘क १४ अ’. नकाशा संस्थेनं एकट्यानं काढू नये. टेपचं एक टोक वस्तीतल्या मुलींच्या हातात द्या, म्हणजे माप खोटं असल्याची तक्रार नंतर येत नाही. सर्वेक्षण सकाळी अकराला केलं तर निम्म्या घरांना कुलूप असतं. संध्याकाळी सात ते नऊ आणि रविवार ही खरी वेळ. पूर्ण झालेली यादी गल्लीच्या तोंडाशी आठ दिवस लावून ठेवा आणि हरकती लेखी घ्या.

प्रत्येक घराच्या फाइलमध्ये आधार, रेशनकार्ड, जुन्या मतदार यादीचा उतारा, वीजबिल, मालमत्ता कराची पावती, फोटोपास (झोपडीधारकाला सरकारकडून मिळालेलं फोटोचं ओळखपत्र) असल्यास तो, उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला आणि बँक पासबुक हवं. अडचण कागद नसण्यापेक्षा कागद एकमेकांशी न जुळण्याची जास्त असते. आधारवर ‘सुनिता’, रेशनकार्डावर ‘सुनीता’, पासबुकात माहेरचं आडनाव. योजनेच्या संगणकाला ही तीन माणसं वाटतात. अर्ज भरायच्या तीन महिने आधी फक्त नावं सारखी करण्याचं शिबिर घ्या. जिथं नाव खरोखर बदललं आहे तिथं राजपत्रात प्रसिद्धी करावी लागते.

फोटोपास वारलेल्या सासऱ्याच्या नावे असेल तर वारसांची संमती हवी. चार भाऊ असतील तर ती संमती घर उभं राहिल्यावर कुणीच देत नाही, म्हणून आधी घ्या. पंतप्रधान आवास योजनेत घर घरातल्या स्त्रीच्या नावे किंवा पती-पत्नीच्या संयुक्त नावे असावं लागतं. विधवा, परित्यक्ता, एकट्या राहणाऱ्या बायका यांच्या फाइल पहिल्या पूर्ण करा. भांडण झालं की आधी याच बायकांना घराबाहेर पडावं लागतं.

भाडेकरूंना विसरू नका. अनुदान ताबा असणाऱ्याला मिळतं आणि भाडेकरू कुटुंब गुपचूप दुसऱ्या वस्तीत जातं. त्यांची वेगळी यादी ठेवा. त्याच योजनेत भागीदारीतली घरं आणि परवडणारी भाड्याची घरं असे घटक आहेत, तिथं त्यांचे अर्ज भरता येतात.

पैशाचा खरा हिशेब

१ सप्टेंबर २०२४ पासून शहरी आवास योजनेचा दुसरा टप्पा, म्हणजे पीएमएवाय २.०, सुरू आहे. स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्या दुर्बल घटकातल्या कुटुंबाला, म्हणजे वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत आणि देशात कुठंही पक्कं घर नसलेल्या कुटुंबाला, केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख मिळतात. वस्तीत मात्र ‘अडीच लाखांत घर’ अशी बातमी पसरते. ती पहिल्याच दिवशी आकड्यांनी खोडा.

३० चौरस मीटर म्हणजे सुमारे ३२३ चौरस फूट. उदाहरणादाखल १,८०० रुपये फुटाचा दर धरला तर ५ लाख ८१ हजार होतात. अनुदान वजा जाता ३ लाख ३१ हजार उरतात. त्यात सहा महिन्यांचं घरभाडं पाच हजारांनी ३० हजार, आणि पाडणं, राडारोडा उचलणं, अरुंद गल्लीतून डोक्यावरून माल वाहणं यांचे २५ हजार. म्हणजे कुटुंबाचा खरा वाटा ३ लाख ८६ हजार. घरभाडं आणि डोक्यावरची वाहतूक या दोन रकमा जवळजवळ प्रत्येक नव्या संस्थेच्या अंदाजपत्रकातून गळतात, आणि कुटुंबं नेमकी तिथंच सावकाराकडे जातात. सावकाराचं महिन्याला शेकडा तीन म्हणजे लाखावर वर्षाला ३६ हजार नुसतं व्याज, मुद्दल जिथल्या तिथं.

दोन लाखांचं कर्ज १२ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतलं तर महिन्याचा हप्ता साधारण ३,५३० रुपये बसतो. कागदी उत्पन्न नसलेल्यांना गृहवित्त कंपन्या बहुतेक वेळा चढा दर लावतात. तोच १५ टक्के झाला तर हप्ता ३,८६० च्या घरात जातो. कर्ज झेपेल की नाही हे ठरवायची खात्रीची चाचणी एकच आहे. कुटुंबानं कर्जाआधी सलग बारा महिने ३,५०० रुपये बाजूला टाकून दाखवावेत. ज्यांना जमलं त्यांचे ४२ हजार जमतात आणि हप्त्याची सवयही लागते. ज्यांना जमलं नाही त्यांना कर्ज घ्यायला लावू नका. त्यांच्यासाठी घर टप्प्यानं बांधा: आता तळमजला आणि स्लॅब, वरची खोली तीन-चार वर्षांनी. मात्र मान्य आराखड्याइतकं काम पूर्ण न झाल्यास शेवटचा हप्ता अडकतो, म्हणून असा टप्पा पालिकेच्या आवास कक्षाशी आधी बोलून, मंजूर आराखड्यात बसवूनच ठरवा.

अनुदान एकरकमी येत नाही. जोते, छत, पूर्णत्व अशा टप्प्यांवर जागेचा फोटो अक्षांश-रेखांशासह चढवला की मग पुढचा हप्ता खात्यात येतो, आणि त्याला उशीर होतोच. जोत्यापर्यंत आलेलं घर पैशाअभावी थांबतं, पावसाळा येतो, सळया गंजतात आणि कुटुंब भाडं भरत राहतं. या कामातली सगळ्यात नेहमीची दुर्दशा हीच. तिच्यावर उपाय दोन. संस्थेनं देणगीतून फिरता निधी उभा करावा, घरटी लाखभर रुपये आणि एका वेळी दहा घरं म्हणजे दहा लाख. हप्ता येताच कुटुंबानं तेवढी रक्कम परत भरायची आणि तीच पुढच्या घराला द्यायची. देणगीतून असं उसनं देता येईल अशी तरतूद संस्थेच्या घटनेत आहे का, हे ऑडिटरकडून आधी तपासून घ्या. आणि नियम असा करा की स्लॅबपर्यंतचे पैसे हातात असल्याशिवाय जुन्या घराच्या पत्र्याला हात लावायचा नाही.

पाडणं आणि बांधणं

वेळापत्रक पावसाशी जुळवा. दिवाळी झाली की पाडायचं, होळीच्या आत स्लॅब, मे अखेर राहायला. मार्चनंतर नवं घर पाडायला काढू नका. पाडण्याआधी वीजमीटर तात्पुरता बंद करून घेतल्याचा कागद आणि जुन्या घराचे चारही बाजूंचे फोटो फाइलमध्ये ठेवा.

वस्तीत भिंती सामाईक असतात. एक घर पाडलं की शेजारचं झुकतं. म्हणून सलग दोन ते चार घरांचा गट करून एकदम बांधा. शेजारी गटात नसेल तर त्याची लेखी संमती घ्या, भिंतीला टेकू द्या आणि पायाचा चर सलग न खणता तीन-तीन फुटांच्या तुकड्यांत, एक सोडून एक असा खणा. पाया शेजारच्यापेक्षा खोल जात असेल तर अभियंत्याला बोलवल्याशिवाय कुदळ मारू नका.

वस्तीत १२ ते १५ चौरस मीटरच्या जागाच जास्त, म्हणून बहुतेक घरं तळ अधिक एक अशी होतात. जिना आतून घेतला तर जागेचा मोठा हिस्सा खातो आणि गल्लीत काढला तर रुग्णवाहिकेचा स्ट्रेचर वळत नाही. दोन घरांच्या मध्ये एक सामाईक जिना हा चांगला तोडगा, पण त्याची मालकी आणि झाडलोट लेखी ठरवा. स्वयंपाकाची आणि शौचालयाची खिडकी गल्लीकडे उघडेल अशी आखणी करा. मागच्या बाजूला शेजारी भिंत चढवणार आहे हे गृहीत धरूनच चाला.

काँक्रीट एम २०, म्हणजे सिमेंट, वाळू, खडी १ : १.५ : ३. पिशवीमागे पाणी २५ लिटरच्या आसपास, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. गवंडी काम सोपं जावं म्हणून पाणी वाढवतो आणि स्लॅब पुढं गळतो. पाण्याला मापाची बादली ठेवा आणि त्या दिवशी घरातली बाई मिक्सरपाशी उभी राहू द्या, तिच्याइतकं काटेकोर कुणी मोजत नाही. १५ चौरस मीटरच्या, १२ सेंटिमीटर जाडीच्या स्लॅबला १.८ घनमीटर काँक्रीट लागतं आणि त्याला सिमेंटच्या १४-१५ पिशव्या. कुणी नऊ पिशव्यांत भागवतो म्हणाला तर काम थांबवा. सळईखाली २० मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक (सळई तळापासून उचलून धरणारे ठोकळे) ठेवा, खडीचे तुकडे चालत नाहीत. बाजारात मिळणारं सिमेंट बहुतेक पीपीसी (राख मिसळलेलं) असतं, त्याला दहा दिवस पाणी मारायलाच हवं. स्लॅबखालचे टेकू-फळ्या भाड्यानं देणारा सेंट्रिंगवाला सातव्या दिवशी टेकू मागायला येतो, त्याला चौदा दिवसांचं भाडं आधीच कबूल करून ठेवा.

ठेकेदाराला आगाऊ रक्कम दहा टक्क्यांपेक्षा जास्त देऊ नका. बाकीचं बिल जोते, लिंटेल (दार-खिडकीवरची तुळई), स्लॅब, प्लास्टर या टप्प्यांवर, मोजमाप झाल्यावर. पाच टक्के रक्कम पहिला पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवा.

गल्ली

घरं झाली आणि गल्ली तशीच राहिली तर वस्ती सुधारली असं कुणी म्हणणार नाही. क्रम मात्र सांभाळा: आधी ड्रेनेज, मग पाण्याची लाइन, शेवटी फरशी किंवा काँक्रीट. ड्रेनेजचा उतार पालिकेच्या मुख्य चेंबरपासून उलटा मोजत यायचा. १५० मिलिमीटरच्या पाइपला १ : १०० उतार धरला तर ३० मीटरच्या गल्लीला ३० सेंटिमीटर उतरंड हवी. मुख्य चेंबर तेवढा खोल नसेल तर हे पाइप टाकण्याआधी कळलेलं बरं. पाण्याची नळी भरून लेव्हल पाहणं कुठल्याही गवंड्याला येतं. प्रत्येक वळणावर चेंबर घ्या.

गल्लीचं काँक्रीट दर निवडणुकीआधी जुन्यावरच चढवलं जातं. पंधरा वर्षांत गल्ली फूटभर वर येते आणि घरं खड्ड्यात जातात. जुना थर उखडून मगच नवा टाकायचा, ही अट निविदेतच लिहून घ्या. घराचं जोतं गल्लीच्या ठरलेल्या अंतिम पातळीपेक्षा ४५ सेंटिमीटर वर ठेवा. ही पातळी एका पक्क्या भिंतीवर रंगानं कायमची आखून ठेवा.

सगळ्यांची घरं एकदम होत नाहीत. ज्यांची राहिली त्यांच्यासाठी निदान घरातलं शौचालय करून घ्या. पुण्याची शेल्टर असोसिएट्स ही १९९३ पासून काम करणारी संस्था ‘एक घर एक शौचालय’ या पद्धतीत साहित्य घरापर्यंत पोचवते आणि बांधून घेण्याचा खर्च कुटुंब करतं. खर्चात वाटा असल्यानं ते शौचालय अडगळीची खोली होत नाही. ड्रेनेज लाइन जवळ असेल तिथं नव्या संस्थेला ही पद्धत पहिल्या वर्षातही झेपते.

राहायला गेल्यावर

पूर्णत्वाचा फोटो चढला, शेवटचा हप्ता आला, की संस्था पुढच्या गल्लीत जाते. इथं आणखी वर्षभर थांबायला हवं. मालमत्ता कराची आकारणी नव्या नावानं झाली का, वीजमीटर परत बसला का, कर्जाचे पहिले सहा हप्ते वेळेवर गेले का, हे दर महिन्याला बघा. हप्ता चुकला तर पहिल्याच महिन्यात घरी जा. तिसऱ्या महिन्यात वसुलीवाला दारात येतो आणि मग कुटुंब तोंड चुकवायला लागतं.

पक्कं घर दिसलं की दलाल येतात. अनुदानाच्या आणि पट्ट्याच्या अटींमध्ये विक्रीवर मुदतीची बंदी असते, ती पट्ट्यातून वाचून दाखवा. बंदी मोडून नोटरीवर केलेल्या विक्रीत घेणारा आणि विकणारा दोघंही अडकतात, हे उदाहरणासकट सांगा. जिथं सगळी गल्ली तयार असेल तिथं सहकारी कायद्याखालची भाडेकरू सहभागीदारी (टेनंट को-पार्टनरशिप) गृहनिर्माण संस्था काढण्याचा विचार करा. तीत जमीन आणि इमारत संस्थेची राहते आणि सभासदाला राहण्याचा हक्क असतो, त्यामुळे घर परस्पर हातातून जाणं अवघड होतं. खटपट जास्त आहे, सभा आणि ऑडिट दरवर्षी चुकवता येत नाहीत, पण रस्त्यालगतच्या, भाव चढणाऱ्या वस्तीत ती करण्यासारखी आहे.

मूळ कागद कुटुंबाकडे, प्लास्टिकच्या पाकिटात. संस्थेकडे स्कॅन केलेली प्रत, घराच्या क्रमांकानुसार. मंजूर नकाशा आणि सळयांची मापं असलेला आराखडाही त्यात घाला. दहा वर्षांनी कुणी वर आणखी एक मजला चढवायला निघालं की गवंडी कुदळ घेऊन येण्याआधी तो काढून दाखवता आला पाहिजे.